हालस्टाट पाहायचे असेल तर दुपार टाळा

ऑस्ट्रियातील हालस्टाटचे वर्णन अजूनही सर्वत्र ‘तळ्याकाठचे शांत, निवांत गाव’ असेच केले जाते आणि ते वाचून एक दिवस आरामात घालवायला निघालेल्या माणसाची घोर निराशा होते. गावाची लोकसंख्या सुमारे ७५०. हंगामातील गर्दीच्या दिवशी मात्र १०,००० पर्यंत पर्यटक येतात. सकाळी दहाच्या सुमारास बस भरून येऊ लागल्या की दुपारी चारपर्यंत तिथे शांतता नावाला उरत नाही.

सर्वांत त्रासदायक टप्पा म्हणजे होडीच्या धक्क्यापासून उत्तरेकडच्या, छायाचित्रांतून सर्वांना माहीत असलेल्या त्या जागेपर्यंतचा रस्ता. अंतर अगदी थोडे आहे, पण एका बाजूला सरळ उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला तळे आणि मध्ये घरांच्या उंबरठ्यांना खेटून जाणारी चिंचोळी वाट, अशा ठिकाणी मार्गदर्शकामागून चालणारे गट, चाकांच्या बॅगा आणि दर दहा पावलांवर छायाचित्रासाठी थांबणारी माणसे एकत्र आली की पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. शांतता राखण्याची विनंती करणाऱ्या पाट्या भिंतींवर आहेत आणि त्यांच्याच खाली उभे राहून लोक मोठमोठ्याने बोलतात, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. त्या खिडक्यांच्या आत माणसे राहतात. २०२३ मध्ये ग्रामस्थांनी निदर्शने केली आणि त्याच वर्षी या जागी दृश्य अडवणारे लाकडी कुंपणही काही काळ उभारले गेले होते. तिथे तासभर काढल्यावर त्यांचा संताप पूर्णपणे पटतो. माझे स्पष्ट मत असे की सकाळी नऊच्या आत पोहोचता येत नसेल, तर या जागेच्या वाटेला जाऊच नये.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १८७७ मध्ये लोहमार्ग तळ्याच्या पूर्व काठाने टाकला गेला आणि गाव पश्चिम काठावर आहे, त्यामुळे स्थानकावर उतरल्यावर होडीनेच पलीकडे जावे लागते. होडी गाडीच्या वेळेशी जुळवलेली असते, परंतु संध्याकाळी तिच्या फेऱ्या लवकर संपतात. धक्क्यावर पाऊल ठेवताच परतीच्या शेवटच्या होडीची वेळ पाहून घ्यावी. ती चुकली तर रस्त्याने शेजारच्या ओबरट्राउन गावाचे स्थानक गाठावे लागते आणि संध्याकाळी तिकडे जाणाऱ्या बस फारच थोड्या असतात.

गावावरच्या डोंगरात सुमारे ७,००० वर्षांपासून मीठ काढले जात आहे. तिथल्या खाणीत सापडलेला लाकडी जिना इ. स. पूर्व १३४४ च्या सुमाराचा आहे आणि येथील प्राचीन दफनभूमीमुळेच युरोपच्या आरंभीच्या लोहयुगाला या गावाचे नाव मिळाले. याच डोंगरावरच्या रुडॉल्फ बुरुजापर्यंतची नागमोडी पायवाट चढताना दमछाक होते, पण चढण सुसह्य आहे. उतरताना मात्र, विशेषतः पावसानंतर, ओले दगड आणि पाने यांमुळे पाय घसरतो आणि गुडघ्यांवर सतत भार येतो. डोंगरावरील केबल रेल्वे चालू असेल तर चढताना पायी जावे आणि उतरताना तिचा उपयोग करावा. उलटे करू नये. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून या वाटेवर येणे सरळसरळ धोक्याचे आहे.

चर्चजवळचे अस्थिगृह चुकवू नये. दफनासाठी जागा अपुरी पडल्यामुळे तिथे १,२०० हून अधिक कवट्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांतील सुमारे ६१० कवट्यांवर फुलापानांची नक्षी रंगवलेली आहे. खोली लहान आहे, म्हणून दाराशी गर्दी असल्यास थोडे थांबून आत जावे.

ज्या शांततेसाठी आपण घरून निघतो, ती ओबरट्राउनला आहे. रेल्वेने ते पुढचेच स्थानक. काठावर मोकळी हिरवळ आहे, पाणी उन्हाळ्यातही थंडगार असते आणि पूर्व काठाने लोहमार्गाला समांतर जाणाऱ्या सपाट पायवाटेवरून समोरचे हालस्टाट गर्दीविना, पुरेपूर दिसते. दिवस एकच असेल तर पहाटेच्या गाडीने हालस्टाटला उतरावे, दहाच्या आत गल्ल्या पाहाव्यात, अस्थिगृह उघडताच ते पाहून परतीची होडी धरावी आणि उरलेला सगळा वेळ ओबरट्राउनच्या काठासाठी ठेवावा.