दोन रविवार पोर्ट उघडण्यात गेले, आणि गेट आपलं नव्हतंच

घरी एक जुना लॅपटॉप पडून होता, स्क्रीन गेलेली, बाकी ठणठणीत. त्यावर डेबियन (फुकटची लिनक्स सिस्टीम) टाकलं, इमिच (आपल्याच मशीनवर चालणारं, गूगल फोटोजसारखं ॲप) बसवलं आणि घरातले सगळे फोटो त्यात ओतले. घरच्या वायफायवर एकदम मस्त चालायचं. मग नाशिकहून ताईचा फोन, "अरे आईच्या एकसष्टीचे फोटो मला पण दाखव की, का मी परकी?" म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे गं. इथेच माती खाल्ली.

पहिला रविवार राउटरमध्ये गेला. लॅपटॉपला १९२.१६८.१.२० हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) फिक्स केला, २२८३ पोर्ट फॉरवर्ड केला (इमिचच्या या दारावर बाहेरून आलेल्याला राउटरने लॅपटॉपकडे पाठवायचं), फुकटवालं डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव) घेतलं, तरी ढिम्म. फायरवॉल बंद करून बघितली, राउटर तीनदा रिस्टार्ट केला (बायको ऑनलाइन मीटिंगमध्ये होती, ते वेगळं प्रकरण), आणि टेस्ट करत होतो घरच्याच वायफायवरून, जे बऱ्याच राउटरवर तसंही चालत नाही, मोबाईल डेटावरूनच बघायला पाहिजे, हे पण उशिरा कळलं. तिथूनही नाहीच लागलं म्हणा.

पुढच्या रविवारी सहज राउटरचं स्टेटस पेज उघडलं तर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १०० नी सुरू होणारा, दुसरा आकडा ७२, आणि "माझा आयपी काय" वाली साइट भलताच आयपी दाखवतेय. हेच ते सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) अनेक गिऱ्हाइकांत वाटून देणं! १०० च्या पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असला की समजायचं, पब्लिक आयपी आपला नाहीच. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, आशियाचा मोकळा साठा २०११ लाच तळाला गेला, मग २०१२ मध्ये ही १०० वाली रेंज खास याच कामासाठी बाजूला काढली. म्हणजे अख्ख्या सोसायटीला एकच गेट, आत शेकडो फ्लॅट, आणि मी आपला फ्लॅटच्या दाराला कडी नाही लावली म्हणून खूश. वॉचमन खालूनच पाहुण्याला परत पाठवतोय.

कस्टमर केअरला फोन करून स्वतःचा कायमचा पब्लिक आयपी मागितला तर "सर, स्टॅटिक आयपीचे दर महिन्याला वेगळे पैसे पडतील". आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, भरपूर असलेले पत्ते) मिळत होतं, राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिली तर ताईच्या मोबाईलवर लगेच उघडलं, पण तिच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नाही, आणि तिला फोटो बघायचेत टीव्हीवर.

शेवटी एक स्वस्तातला व्हीपीएस (पब्लिक आयपी असलेला, दुसरीकडे चालणारा छोटा सर्व्हर) भाड्याने घेतला आणि लॅपटॉपच त्याला वायरगार्डने (खाजगी बोगदा बनवणारं व्हीपीएन) आतून कनेक्ट होतो, कारण बाहेर जायला वॉचमन कुणाला अडवत नाही. ताई व्हीपीएसचा पत्ता उघडते, तो त्याच बोगद्यातून तिला लॅपटॉपपर्यंत आणतो. फक्त वायरगार्डमधलं पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने पाठवायची हाक) २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की नॅट, म्हणजे आपला वॉचमन, आपल्याला विसरतं आणि बाहेरून कुणालाच आत येता येत नाही. टेलस्केल (हाच बोगदा आपोआप जोडून देणारं ॲप, पण दोन्हीकडे टाकावं लागतं) वापरलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं, पण ताईच्या टीव्हीवर ॲप टाकायला फोनवरून शिकवायचं? नको रे बाबा.

व्हीपीएसवर सुरक्षित कनेक्शनसाठी (https) लागणारं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं, फुकट. एसएसएचचा (सर्व्हरमध्ये लांबून शिरायची सोय) पासवर्ड लॉगिन मात्र पहिल्याच संध्याकाळी बंद केला, कारण लॉग बघितला तर रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन बॉट नुसते दार ठोठावतायत, रांगच लागलेली.

ताईने फोटो बघितले. मग गुरुवारी आमच्याकडे लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर मजेत चालू, राउटर बंद. "बंद पडलं रे तुझं," ताईचा मेसेज. आता राउटरसाठी छोटा यूपीएस बघतोय.