सोडू का, थांबू?

"तुम्ही नोकरी सोडलीत, मग मी सोडू का?" हा प्रश्न मला सारखा कोणी ना कोणी विचारतं. विचारणारा 55-56 वर्षांचा असतो, सोलापूरला अक्कलकोट रोड नाहीतर चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला असतो. नोकरीत जीव रमत नाही, दोन-तीन वर्षं उरलेली असतात, आणि मी 56व्या वर्षी टॉवेल कारखान्याच्या अकाउंट्समधून बाहेर पडलो हे त्याला कुठून तरी कळलेलं असतं. तिथे पीएफचं कामही माझ्याकडेच होतं. त्यामुळे काही जण पासबुकाचं प्रिंट काढूनच येतात.

आधी पेन्शनचं भूत उतरवतो. "58 पूर्ण कर, नाहीतर पेन्शन बुडेल," असं प्रत्येकाला घरात कोणीतरी सांगितलेलं असतं. समजा, एक माणूस सप्टेंबर 1996 मध्ये लागला आणि सप्टेंबर 2025 मध्ये, 56 पूर्ण झाल्यावर, सुटला. पीएफवाल्यांची पेन्शन म्हणजे पगार गुणिले वर्षं भागिले 70. पण इथला पगार तुमच्या स्लिपवरचा नव्हे. 1 सप्टेंबर 2014 नंतरच्या सेवेला जास्तीत जास्त 15,000 धरतात आणि त्याआधीच्या सेवेला 6,500. म्हणजे आधीच्या 18 वर्षांचे 1,671 आणि नंतरच्या 11 वर्षांचे 2,357, मिळून महिना 4,028 रुपये. 56लाच हवी असेल तर वर्षाला 4 टक्के कापून 3,706. 58 पर्यंत नोकरी केली तर आणखी दोन वर्षं भरतात, शिवाय 20 वर्षांच्या वर सेवा असल्यामुळे दोन वर्षं वाढवून मिळतात. तरी आकडा पाच हजारांच्या आसपासच घुटमळतो.

हे ऐकल्यावर समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, "एवढीच?" हो, एवढीच. आणि नोकरी सोडली म्हणून पेन्शनचा अर्ज लगेच करायलाच पाहिजे असं नाही. अर्ज 58ला केला तर कपात होत नाही. म्हणजे ज्या पेन्शनपायी माणूस दोन वर्षं दात-ओठ खाऊन काढतो, तिच्यात महिन्याला हजारभराचा फरक पडतो. ज्याला चार हजारही मोठे आहेत त्याने हा हजार जरूर मोजावा. पण बाकीच्यांनी पेन्शनची सबब सांगू नये.

खरं नुकसान होतं ते दोन वर्षांच्या पगाराचं आणि दवाखान्याचं. कंपनीची मेडिक्लेम तुम्ही गेट ओलांडलात की संपते. 56व्या वर्षी नवी पॉलिसी काढली तर आधीपासून असलेल्या बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत वाट बघायला लावतात. म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी काढा. मी ती सोडायच्या बरीच आधी काढली होती. घरचे तेव्हा "दोन-दोन हप्ते कशाला" म्हणून कुरकुरले. ज्यांचा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातो त्यांना तर पाच वर्षं विमा भरलेला असेल तर निवृत्तीनंतर वर्षाला 120 रुपयांत नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. ही सवलत वय झाल्यावर किंवा स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याला आहे. म्हणून रागाच्या भरात कागदावर नुसतं 'राजीनामा' लिहून टाकू नका, निवृत्ती म्हणून पत्र घ्या.

ग्रॅच्युइटीचा हिशोब तोंडपाठ करण्यासारखा आहे. शेवटच्या पगाराला (ढोबळमानाने बेसिक आणि डीए) 26ने भागा, 15ने गुणा, मग सेवेच्या वर्षांनी गुणा. 26,000 पगार आणि 29 वर्षं असतील तर 4,35,000 होतात. ही रक्कम आणि पीएफ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकता येते. त्यासाठी 60 व्हावं लागत नाही, निवृत्त झालेल्याला 55 पुरतात. मालकाचा दाखला मात्र लागतो. 8.2 टक्के दराने 10 लाखांचे तिमाहीला 20,500 येतात. आता घरचा महिन्याचा खर्च काढा. तो काढताना भावकीतली लग्नं, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येणारे पाहुणे आणि पुण्याला मुलाकडच्या फेऱ्या विसरू नका.

एवढं एका संध्याकाळी होतं. आकडे जुळले तरी माणूस उठत नाही. दाराशी चप्पल घालता घालता पुन्हा विचारतो, "पण सोडू ना?" ही भीती आकड्यांची नाही, आणि ती मला चांगली ओळखीची आहे.

आमच्या पिढीने सोलापुरातल्या गिरण्या बंद पडताना पाहिल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारं हे गाव. माझे वडीलही गिरणीत होते, आणि तिथलं काम त्यांना आवडतं का हे त्यांना कोणी कधी विचारलं नाही. गेटला कुलूप लागल्यावर आईने विडीचं पान घरी आणायला सुरुवात केली. रात्री पान भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायची. वडील शेजारी बसून तोंडं मिटायला मदत करायचे. कोणी आलं की सूप बाजूला सारून उठायचे. विडी कारखान्यातून माल परत आला की तिचा चेहरा बघवत नसे. ज्याने लहानपणी हे पाहिलंय त्याला आपण होऊन राजीनामा देणं म्हणजे माज वाटतो. मलाही वाटला. विचारायला येणाऱ्या निम्म्या जणांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच झालंय. तेव्हा भीती वाटते म्हणजे निर्णय चुकीचा आहे, असं धरू नका. ती भीती वडिलांच्या गेटवरून आलेली आहे. तुमच्या पासबुकात तिचा पुरावा आहे का, एवढंच बघा.

आता कंटाळ्याचं. "कंटाळा आला" म्हटलं की मी विचारतो, कशाचा? लूमवर उभा राहणारा माणूस गुडघे आणि कान दाखवतो. त्याचा हिशोब जेमतेम जरी बसत असला तरी मी त्याला थांबा म्हणत नाही. कोणाला नव्या मॅनेजरचा वैताग असतो. त्याला मी थांब म्हणतो, कारण मॅनेजर बदलतात आणि 56व्या वर्षी त्या पगारावर दुसरीकडे कोणी घेत नाही. तिसरा प्रकार माझा होता. पूर्वी मी एक्स्पोर्टची कागदपत्रं करायचो, बँकेशी भांडायचो, मालक भाव ठरवताना बोलावून घ्यायचे. पुढे ते सगळं पुण्याच्या एका फर्मकडे गेलं आणि माझ्याकडे मिळवणी उरली. 14 तारखेला जीएसटीचं टू-बी, म्हणजे माल देणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची यादी, यायची. सुताच्या, रंगाच्या, पुठ्ठ्याच्या बिलांवर टिकमार्क करत बसायचं, आणि कोणाचं बिल दिसत नसेल तर त्याला फोन लावायचा. त्रास कसलाच नव्हता. पंखा होता, चहा वेळेवर यायचा. मला रविवारी दुपारपासूनच सोमवार डोक्यात यायला लागला तेव्हा मी मालकांना म्हटलं, आठवड्यातून तीन दिवस येतो, मानधन द्या. लहान कारखान्यात असं जमतं, मी दोघा-तिघांचं जमलेलं पाहिलंय, म्हणून सोडण्याआधी हे विचाराच. माझं नाही जमलं. "यायचं तर पूर्ण या," म्हणाले.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने पैशाचं काही विचारलं नाही. "घरी बसणार असाल तर एक सांगते," म्हणाली, "दुपारी दोनला चहा मागायचा नाही. ती माझी झोपायची वेळ आहे." मी हसलो, पण ती गमतीने बोलत नव्हती. सोडण्याचा निर्णय दोघांचा असतो, कारण घरातली दुपार तोवर तिच्या एकटीच्या मालकीची असते. आता मी सकाळी साखर पेठेत चार लूमवाल्यांच्या वह्या आणि पीएफचे कागद बघतो. कमाई पूर्वीच्या निम्मीही नाही. कंटाळाही येतो, काही दिवस अगदी तसाच. पण तो माझा मी ओढवून घेतलेला असतो, त्यामुळे त्याची तक्रार कोणाकडे करता येत नाही.

मुलीचं लग्न किंवा शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर सोडू नका. यावर माझ्याशी वाद घालायलाही येऊ नका.

आणि सोडायचं ठरो वा न ठरो, एक काम याच आठवड्यात करा. पीएफमधलं नाव, जन्मतारीख आणि नोकरीला लागल्याची तारीख आधारशी आणि कंपनीच्या रजिस्टरशी ताडून बघा. आपल्याकडे पूर्वभागात, म्हणजे गावातल्या तेलुगू वस्तीत, आडनाव आधी की नाव आधी, यावरून अर्ध्या लोकांचे कागद जुळत नाहीत. नोकरीत आहात तोवर ऑफिसातून दुरुस्ती करून घेणं सोपं जातं. बाहेर पडल्यावर त्याच सहीसाठी तुम्हाला त्याच गेटवर वॉचमनकडे नाव लिहून आत जावं लागेल. वारसाची नोंदही त्याच बैठकीत करून घ्या. माझ्याकडे याल तेव्हा मी पहिल्यांदा तेच मागणार आहे.