ऐकलेली चाल मनात टिकवताना: माझा अनुभव

गाण्याचे शब्द मला सहज पाठ होत, चाल मात्र निसटून जाई. ती पुन्हा कानावर पडली की लगेच ओळखू येई, पण स्वतःहून गुणगुणायला बसले की पहिल्या ओळीनंतर सूर भलतीकडे वळत. नुसते वारंवार ऐकल्याने ओळख पक्की होते, आठवण नव्हे, हे ध्यानात आल्यावर मी सरावाची पद्धतच बदलली.

सुरुवात चढउतारापासून केली. नवी सुरावट ऐकताना स्वर शोधण्याच्या भरीस न पडता ती कुठे चढते, कुठे उतरते आणि कुठे थबकते, एवढेच मी हाताने हवेत रेखाटत असे. मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. डाउलिंग यांनी १९७८ साली मांडले होते की नुकत्याच ऐकलेल्या सुरावटीचा आकार आपण पटकन धरतो, पण स्वरांमधली नेमकी अंतरे तितकी धरता येत नाहीत. आकार तोच ठेवून अंतरे थोडी बदलली आणि सुरावट दुसऱ्या पट्टीत ऐकवली, तर फरक ओळखणे श्रोत्यांना अवघड जाते. माझी अडचण नेमकी हीच होती. सूर वर न्यायचा हे कळे. तो गंधारावर (ग) थांबतो की मध्यमावर (म), हे कळत नसे.

त्यासाठी षड्जाचा, म्हणजे मूळ ‘सा’चा, आधार घेतला. तानपुरा लावून सप्तकातल्या बाराही स्वरस्थानांपैकी कोणतेही एक मनात आणायचे, ते गायचे, मग पेटीवर पडताळायचे, असा क्रम ठेवला. केवळ ओळीने अलंकार (सारेग, रेगम अशा स्वरमालिका) म्हटल्याने हे साधत नाही असे माझे मत आहे, कारण तिथे प्रत्येक स्वर शेजारच्या स्वराचा हात धरून येतो. स्वर एकटा ओळखता येऊ लागला तशी चाल सरगमीत ऐकू येऊ लागली, आणि पट्टी बदलली तरी ती हातची जाईनाशी झाली. कोमल आणि शुद्ध निषादाने (नि) मात्र बराच काळ छळले.

सर्वांत मोठा फरक पडला तो शांततेमुळे. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना एक स्वर ऐकवून काही सेकंदांनी दुसरा ऐकवला आणि दोन्ही एकच आहेत का, असे विचारले. मधल्या वेळात बोललेले आकडे ऐकवले तेव्हा उत्तरे फारशी बिघडली नाहीत. इतर स्वर ऐकवले तेव्हा मात्र, त्यांकडे लक्ष देऊ नका असे सांगूनही, चुका पुष्कळ वाढल्या. म्हणजे सुराची आठवण पुसतात ते मुख्यतः दुसरे सूरच. हे वाचल्यापासून मी एक ओळ ऐकली की ध्वनिमुद्रण थांबवते, तानपुराही बंद करते, ती ओळ आधी मनातल्या मनात पूर्ण ऐकते, मगच आवाजात उतरवते आणि शेवटी मूळ चालीशी ताडून पाहते. मनात ऐकण्याची ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. माझ्या लेखी साऱ्या सरावाचे मोल तिथेच आहे. एकामागोमाग गाणी आपोआप वाजत राहण्याची मोबाइलमधली सोय या काळात मी बंदच ठेवली.

ओळी तोडताना श्वासाची जागा पाहते. प्रत्येक तुकड्याचा उठाव कोणत्या स्वरावर आणि न्यास, म्हणजे शेवटचा ठहराव, कुठे, एवढे आधी पक्के केले की मधले स्वर फारसे भरकटत नाहीत. तालही सोबत धरावा लागतो, कारण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा स्वर हा चालीचा खुंटा असतो. दुसऱ्या दिवशी मूळ गाणे ऐकण्याआधी चाल आठवून म्हणते आणि जिथे अडते तेवढाच तुकडा पुन्हा ऐकते.

आता साधी चाल थोड्या आवर्तनांत मनात बसते. मधेच आधारस्वर बदलणाऱ्या रचना अजून अवघड जातात. अशा ठिकाणी नवा षड्ज जुन्या सप्तकातला कोणता स्वर आहे हे आधी गाऊन शोधते, दोन्ही षड्ज आळीपाळीने म्हणते, आणि मगच पुढच्या ओळीकडे जाते.