न भाजलेल्या विटेला ओल हवी

‘भाजलेली नाही, मग पावसात विरघळणार नाही का?’ राख आणि राडारोड्याची वीट दाखवली की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्तच आहे. मातीची कच्ची वीट विरघळतेच. ९०० ते १,१०० अंश सेल्सिअसची आच लागल्यावर तिचे कण कायमचे एकजीव होतात. आमच्या विटेत तेच काम चुना आणि पाणी मिळून करतात.

कोळशाच्या राखेतली सिलिका काचेसारखी असते. चुना आणि ओल मिळाली की सावकाश विक्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. सिमेंटला ताकद देणारा मुख्य पदार्थही हाच. कल्पनाही जुनी आहे: चुना आणि वाळूची वीट दाबाखालच्या वाफेत घट्ट करण्याचं पेटंट जर्मनीत विल्हेल्म मिखाएलिस यांनी १८८० मध्येच घेतलं होतं. अलीकडे स्कॉटलंडच्या हेरियट-वॉट विद्यापीठात गॅब्रिएला मेडेरो यांनी घडवलेल्या ‘के-ब्रिक’ या न भाजलेल्या विटेत तर सुमारे ९० टक्के बांधकामाचा कचरा असतो.

म्हणूनच साच्यातून काढलेली वीट कुणी कडक उन्हात वाळत घातली की माझा जीव वरखाली होतो. पाणी उडालं की विक्रिया अर्ध्यात थांबते. वीट वरून कोरडी, टणक दिसते आणि कडा बोटाने खरवडल्या की भुकटी गळते. गोणपाट घाला, पाणी मारत राहा, थंडीत आणखी वेळ द्या. राखेचं काम इतकं संथ असतं की २८ दिवसांनंतरही ताकद वाढत राहते.

राडारोड्यातलं लाकूड, प्लास्टिक डोळ्यांना दिसतं, वेचता येतं. मला खरी धास्ती पीओपी आणि जिप्सम बोर्डच्या तुकड्यांची; दोन्हींत जिप्सम असतं. मोजून घातलेलं जिप्सम सुरुवातीची ताकद वाढवतं, पण नकळत आलेलं जास्तीचं जिप्सम वीट घट्ट झाल्यावर राखेतल्या ॲल्युमिनाशी आणि चुन्याशी विक्रिया करतं. त्यातून बनणारे एट्रिंजाइटचे स्फटिक फुगतात आणि वीट आतून तडकते. एकदा सगळं दळलं की त्याची पांढरी पूड काँक्रीटच्या चुऱ्यात ओळखूच येत नाही. म्हणून इमारत पाडताना पीओपीचं छत आणि जिप्समचं पार्टिशन आधी उतरवून वेगळं ठेवावं, भिंतींना हात नंतर लावावा, असा माझा आग्रह असतो.

आणि वीट घेताना कोरड्या विटेच्या ताकदीचा आकडा पुरेसा मानू नका. २४ तास पाण्यात बुडवून मग यंत्रात दाबून तपासलेल्या विटेच्या ताकदीचा आकडा मागा.