आधी वरचा नट, मग खालचा

माझी ऑटोमॅटिक पिकअप तीन दिवस एका गॅरेजच्या लिफ्टवर अडकून पडली होती. बिघाड काहीच नव्हता. गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना मिस्त्रीने खालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, आधी उघडला, एवढंच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पानशेतकडे आमची थोडी शेती आहे. खताच्या गोण्या, रोपं, पाइप, सगळं याच गाडीतून जातं. ऐंशी हजार किलोमीटर झाल्यावर दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना धक्का बसायला लागला. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "साहेब, गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं." मला हे पटत नाही. रोज संध्याकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी चालते आणि शनिवारी चढावर वजन ओढते. तापून तापून ऑइल खराब होणारच. शेवटी ऑइल बदलायला घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली.

तिथला मिस्त्री पोरगा हाताला चपळ होता. ट्रे ठेवला, पाना लावला, बोल्ट बाहेर. नवीन ऑइल लालभडक असतं, हे कोऱ्या चहासारखं आलं. करपल्याचा वास मात्र नव्हता. ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर राखाडी मऊ लगदा होता. बोटांत चोळून पाहिला, खर लागली नाही. लगदा चालतो, धातूचे कण सापडले तर काळजी करायची.

मग मी विचारलं, "दादा, भरायचं कुठून?"

"वर साइडला नट आहे ना, काढतो आता."

तो नट निघालाच नाही. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची पट्टी, नाही. गिअरबॉक्सच्या कुशीत, सायलेन्सरच्या पाइपाजवळ एक फिलर नट आहे, त्यातूनच ऑइल भरायचं. कारखान्यातून आल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता. पोराने बारा कोनांचा रिंग पाना लावून जोर केला, पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. मी वाकून बॅटरी मारली तर नटाच्या सहाही कडा मेलेल्या.

म्हणजे जुनं ऑइल बाहेर आणि नवीन आत घालायला वाट नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच धरतात आणि त्याच्यातूनच इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. ऑइल नसताना इंजिन चालू करायचं नाही, चाकं जमिनीवर ठेवून ओढायचंही नाही. दुसरीकडे न्यायची तर चारही चाकं वर घेणारी गाडी मागवावी लागली असती. फोन केला त्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी सांगितलं, नट निघाल्यावर आणा.

पहिली रात्र नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. दुसऱ्या दिवशी छिन्नी लावायचं चाललं होतं, ते मी थांबवलं. केसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमचं, आटे फाटले तर पूर्ण केसिंगचा खर्च. दुपारी नाना पेठेत गेलो. तीन दुकानं फिरल्यावर आतून उलट्या पिळाच्या दातांची गोटी (नटावर बसणारं सॉकेट) मिळाली, झिजलेल्या नटाला चावते ती. नवा फिलर नट आणि वॉशर मागवले, ते तिसऱ्या दिवशी आले. त्या दिवशी एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी हॉट एअर गनने नटाच्या भोवतालचं केसिंग तापवलं, गोटी हातोडीने ठोकून बसवली आणि लांब दांड्यावर हळूहळू वजन टाकलं. टक् असा कोरडा आवाज आला. मी तिथेच खाली बसलो.

पुढचं काम तासाभराचं. निघालेलं ऑइल मोजायच्या आत पोरगा ड्रममध्ये ओतायला निघाला होता, ते मात्र मी पहिल्याच दिवशी अडवलं होतं. जुनं मोजलं तर तीन लिटरच्या थोडं वर होतं, तेवढंच नवीन घातलं. बाकीचं जुनं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये राहतं, म्हणून एका फेरीत काम होत नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, लाल दिसतं म्हणून कुठलंही चालत नाही.

लेव्हल पाहताना गाडी सपाट हवी आणि इंजिन चालू हवं. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ ठेवून पार्किंगला आणायचा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर ऑइलचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास आलं की लेव्हलचा छोटा बोल्ट उघडायचा. धार येऊन थेंब थेंब झाली की बंद. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे, अजून घालायचं. तापमानाचा आकडा आपल्या मॅन्युअलमधून घ्या, गाडीगणिक फरक असतो. आणि गाडी दूरवरून पळवून आणल्या आल्या बोल्ट उघडू देऊ नका, ऑइल हात भाजण्याइतकं गरम असतं.

पाच हजार किलोमीटरनंतर दुसरी फेरी केली, त्याच वयस्कर मिस्त्रींकडे. मी सांगायच्या आधी त्यांनी सहा कोनांची गोटी लावून वरचा नट सैल केला, मगच ट्रे खाली सरकवला. या वेळी ऑइल डाळिंबाच्या रसासारखं आलं. धक्का आता जाणवत नाही.