अहवाल न आलेल्या आठवड्यांचं काय करायचं?

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी युद्धग्रस्त भागांतल्या साथरोगांची आकडेवारी निवडली, तेव्हा कोल्हापुरात बसून हे कसं जमणार, असं बऱ्याच जणांनी विचारलं. अहवाल डाउनलोड करायला काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो वाचताना.

सगळ्यात जास्त वेळ शून्यांनी खाल्ला. एखाद्या आठवड्यात गोवराचे रुग्ण शून्य. पण त्या आठवड्यात दवाखाना बंद पडला असेल, डॉक्टर जीव वाचवून निघून गेले असतील, तर मोजलं कुणी? म्हणून मी एक रकाना वाढवला: किती आरोग्य केंद्रांनी अहवाल पाठवला. तो भरल्यावर साथ ओसरल्यासारखी दिसणारी काही वळणं निव्वळ केंद्रं गप्प झाल्यामुळं आली होती, हे दिसलं. सीरियात तर 2013 पासून पुढं कित्येक वर्षं दोन समांतर यंत्रणा होत्या, एक तेव्हाच्या सरकारची आणि दुसरी विरोधकांच्या ताब्यातल्या भागाची. त्याच वर्षी तिथल्या देर एझ-झोर प्रांतात पोलिओ निघाला.

येमेनमध्ये 2017 संपेपर्यंत कॉलऱ्याचे 10 लाखांवर रुग्ण नोंदले गेले, पण ते संशयित. बहुतेकांची प्रयोगशाळेत तपासणी झालीच नव्हती. संशयित आणि खात्रीचे रुग्ण मी शेवटपर्यंत वेगळेच ठेवले.

मग लोकसंख्या. दर 10,000 लोकांमागं रोज 1 मृत्यू ही आणीबाणीची खूण मानतात. छावणीच्या यादीत 20,000 माणसं आणि रोज 2 मृत्यू, म्हणजे मृत्युदर 1. निम्मी माणसं निघून गेली असतील तर तोच दर 2 होतो. त्यात मृत्यू सांगितला की रेशन कमी होईल, या भीतीनं घरचे तो लपवतात. त्यांना दोष कसा देणार?

2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यात निवारा केंद्रावर राबलेल्या एका आशाताईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमची रात्रीची यादी सकाळी कधी जुळलीच नाही बघ. कोण पै-पाहुण्यांकडं गेलं, कोण जनावरांपाशी." पूर आणि युद्ध एक नव्हे, तरी त्यानंतर मी प्रत्येक दर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन लोकसंख्या धरून काढला.

आलेखातली तुटलेली रेघ जोडून घ्या, असं मार्गदर्शक सर म्हणाले. मी तिथं गप्प केंद्रांची संख्या लिहून दाखवली. सरांनी रेघ तशीच राहू दिली.