हणजूणचा जांभा आणि एका सेकंदाचं पाणी

म्हापशाहून हणजूणला स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटं. गेल्या हिवाळ्यात हा रस्ता मी किती वेळा केला त्याचा हिशेब नाही. मला हवा होता एकच फोटो: जांभ्याच्या कातळावरून परतणारं पाणी.

दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळी काच, नवा घेतला होता; प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो. तो उजेड १०२४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याची वेळ) अडुसष्ट सेकंदांवर जातं. तीस सेकंदांपुढे बल्ब मोड लावायचा (त्यात बटण दाबून ठेवू तेवढा वेळ शटर उघडं राहतं), फोकस फिल्टर चढवण्याआधीच करून मॅन्युअलवर ठेवायचा, कारण नंतर काचेतून काही दिसत नाही. हे सगळं नीट केलं, तरी पहिले फोटो हलले. ट्रायपॉड ओल्या वाळूत होता आणि प्रत्येक लाट जाताना त्याच्या पायांखालची वाळू थोडी थोडी ओढून नेत होती. ट्रायपॉड कातळावर आणला, मधला दांडा खाली घेतला, थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद केलं. फोटो स्पष्ट आले.

पण त्यांत समुद्रच नव्हता. मिनिटभरात लाटांचं धुकं होतं, आणि त्या धुक्यातून डोकं काढलेला दगड कुठल्याही किनाऱ्यावरचा वाटतो. हणजूणचा जांभा तसा नाही. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून तो तांबडा आणि भोकाभोकांचा. लाट ओसरली की प्रत्येक भोकातून पाण्याची बारीक धार निघते. मला त्या धारा हव्या होत्या.

शेजारच्या खडकावर कालवं काढणारी एक मावशी रोज मला पाहायची. एकदा म्हणाली, "फोटो मागीर काड गो बाय, पयलीं उदक पळय." फोटो नंतर, आधी पाणी बघ.

म्हणून दोन संध्याकाळी कॅमेरा बॅगेतच ठेवला आणि मोबाइलवर वेळ मोजत बसले. लाट कातळावर चढते, क्षणभर थांबते, मग उतरते. धारा दिसतात त्या उतरतानाच, तेही दोन-तीन सेकंद. पूर्ण ओहोटीला कातळ कोरडा पडतो, भरतीला दिसतच नाही. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्येनंतरच्या तृतीयेला ती सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने येत होती, म्हणजे मावळतीला पाणी उतरत असणार. मला उतरतं पाणीच बरं वाटतं. चढत्या पाण्यात, डोळा कॅमेऱ्याला लावून, शेवाळलेल्या कातळावर उभं राहू नये. पावसाळ्यात तर तिथे पाऊलही ठेवू नये.

त्या दिवशी दहाचा फिल्टर घरी ठेवला, सहाचा नेला. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ ११. सूर्य टेकला तेव्हा एक्स्पोजर दोन सेकंद येत होतं. धारा एकमेकींत मिसळत होत्या. एक सेकंदावर आणलं. दोन सेकंदांच्या टायमरने हात न लावता शटर, पण त्यात लाट हुकायची, म्हणून शेवटी वायरचा रिमोट जोडला आणि लाट थांबते त्या क्षणी दाबू लागले. दर दोन-तीन फ्रेमनंतर काचेवरचे खारे थेंब पुसायचे. चाळीसेक फ्रेम झाल्या.

सूर्य गेल्यावर काही वेळाने फिल्टरही काढला. आकाश जांभळट, ओला जांभा जवळजवळ काळा, आणि त्याच्या भोकाभोकांतून सुटणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या, एकूण एक वेगळी. घरी येऊन ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुतले आणि मगच कॉम्प्युटर उघडला. तीच फ्रेम पहिल्यांदा उघडली.

प्रिंट मावशीला नेऊन दिली. ओल्या हातांनी कडेकडेला धरून तिने बराच वेळ पाहिली, आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या दगडावर बोट ठेवून म्हणाली, "हो म्हजो फातर न्हय गो?"